रानातील अग्नी

‘वणवा’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला म्हणजे बहुतेक वह्यांत एकच चित्र उमटते : आकाशाला भिडलेल्या ज्वाळा, सैरावैरा धावणारी हरणे, घरट्यात होरपळलेली पिल्ले आणि अखेरीस ‘मानवा, जागा हो!’ अशी एक आर्त हाक. या चित्रात खोटे असे काही नाही. पण ते अर्धेच चित्र आहे. उरलेले अर्धे पाहावयाचे तर आग विझल्यानंतर पहिला पाऊस पडेपर्यंत रानात थांबावे लागते, आणि निबंध लिहिणाऱ्याला तेवढी सवड नसते.

आमचा विषय भाषेचा. तेव्हा प्रारंभ एका शब्दापासून करू. आपल्या आसपासचे गुजराथी शेतकरी वणव्याला ‘दव’ म्हणतात. मराठी मुलाला हा शब्द प्रथम ऐकताना हसू येते, कारण त्याच्या लेखी दव म्हणजे पहाटे गवतावर पडलेले दहिवर! पण संस्कृत कोश उघडून पाहा. अमरकोशात ‘दव’ आणि ‘दाव’ या शब्दांचे दोन अर्थ दिले आहेत : एक रान, दुसरा रानातील आग. आपला ‘दावानल’ त्याच कुळातला. ज्या लोकांनी रान आणि रानातील अग्नी या दोहोंस एकच नाव दिले, त्यांना या दोहोंचा सहवास फार जुना आहे हे ठाऊक असले पाहिजे. खांडववनाच्या दाहाची कथाही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या कथेत अग्नी हा भुकेलेला अतिथी म्हणून येतो. रानाचा शत्रू म्हणून नव्हे. मात्र त्या वनातील नागांना आणि पक्ष्यांना काय वाटले असेल, हा प्रश्न महाभारतकारांनीही टाळलेला नाही.

आता हा अतिथी रानात येऊन करतो तरी काय, ते पाहू. त्यासाठी दूर जावयाचे कारण नाही. वाघोडियाहून ईशान्येकडे नजर टाकली की पावागड दिसतो. त्याच्या पलीकडच्या टेकड्यांत जांबुघोड्याचे अभयारण्य आहे. १९९० साली संरक्षित झालेले हे रान सुमारे १३० चौरस किलोमीटरांचे असून त्यात साग, बांबू, मोह, टेंभुर्णी आणि पळस यांचे राज्य आहे. ही सारी पानझडी झाडे. माघ-फाल्गुनात त्यांची पाने गळतात, सागाची तर थाळीएवढी. चैत्र उजाडेतो जमिनीवर वाळलेल्या पानांचा घोट्याएवढा थर साचतो. वर तळपते ऊन, खाली हा कोरडा पाचोळा. अशा वेळी कोणाच्या हातून विडीचे थोटूक पडले तरी पुरे.

अशा रानातील आग बहुधा जमिनीवरून सरपटत जाते. तिची उंची कोठे गुडघ्याएवढी, कोठे कमरेएवढी; शेंड्यापर्यंत ती क्वचितच पोचते. पाचोळा संपला की ती पुढे सरकते. ज्वाळा वर जातात म्हणून उष्णताही मुख्यतः वरच जाते. चार बोटे खाली मातीत हात घातला तर ती जवळजवळ नेहमीसारखीच लागेल. या साध्या गोष्टीवर रानातील कितीतरी झाडांचे आयुष्य अवलंबून आहे. मोठ्या पळसाची साल पाहा : जाड, भेगाळलेली, जणू घोंगडीच पांघरलेली. आतल्या जिवंत थरापर्यंत आच पोचू नये अशी ती व्यवस्था आहे. टेंभुर्णीचा वरचा भाग जळाला तरी तिच्या मुळांतून नवे फुटवे येतात. बांबूचे खरे खोड तर जमिनीखालीच असते.

आणि साग? त्याची कथा सर्वांत मनोरंजक आहे. सागाचे लहान रोप आगीत सापडले की वरून करपून जाते. पाहणाऱ्याला वाटते, संपले. पण त्याचे मूळ जिवंत राहते आणि पावसाळ्यात त्यातून नवा कोंब निघतो. पुढच्या उन्हाळ्यात तोही जळतो. असे काही वर्षे चालते. वरचा देह दर वर्षी नाहीसा होतो, परंतु खाली मूळ दर वर्षी जाड होत जाते, त्यात अन्नाचा साठा वाढत जातो. मग एखादे साल असे येते की त्या बाजूला आग फिरकत नाही. त्या वर्षी हे जुने मूळ आपली सारी पुंजी एका कोंबात ओतते, आणि तो कोंब झपाट्याने इतका उंच होतो की पुढच्या आगीची जीभ त्याच्या शेंड्यापर्यंत पोचूच शकत नाही. सागाचे फळही असेच चिवट. वरून लोकरीसारखे आवरण आणि आत कठीण कवची. ऊन, पाऊस आणि आच यांनी ती कवची ढिली झाल्यावाचून आतले बी लवकर उगवत नाही.

पाचोळा जळाल्याने आणखी एक गोष्ट घडते. जी पाने कुजून माती होण्यास महिने लागले असते त्यांची राख एका घटकेत होते. त्या राखेत पोटॅश, चुना आणि स्फुरद असते. पहिल्या पावसाबरोबर ती मातीत उतरली की नव्या पालवीला आयते खत मिळते. परंतु येथे हिशेबाची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. पानांतील नत्र धुराबरोबर बव्हंशी हवेत निघून जाते. जमीन उताराची असली आणि पहिलाच पाऊस मुसळधार कोसळला तर राख मातीत उतरण्याऐवजी मातीलाच बरोबर घेऊन ओढ्याला मिळते. म्हणजे तीच राख सपाटीवर खत आणि डोंगरउतारावर केवळ गाळ!

यातच वणव्याच्या साऱ्या प्रश्नाची गुरुकिल्ली आहे, असे आम्हांस वाटते. आग चांगली की वाईट, हा प्रश्नच मुळी अपुरा आहे. कोणत्या जमिनीवर, वर्षाच्या कोणत्या महिन्यात आणि किती वर्षांच्या अंतराने, एवढे विचारल्यावाचून त्याला उत्तर नाही. सागाच्या ज्या रोपाची कथा आताच सांगितली, त्याला सुटकेचे एखादे वर्ष मिळाले म्हणून त्याचा वृक्ष झाला. आग जर दर वर्षी न चुकता येऊ लागली तर ते वर्ष कधीच येणार नाही. मग रानात जुनी झाडे तेवढी उभी राहतील आणि त्यांच्या खाली तरुण पिढी दिसणार नाही; तरणीताठी माणसे शहरात गेल्यावर मागे उरलेल्या खेड्यासारखी रानाची अवस्था होईल. आज आपल्या पानझडी रानांपुढील खरे संकट हे आहे. मोहाची फुले पहाटे गळतात. ती पाचोळ्यात दिसत नाहीत म्हणून झाडाखालची जागा जाळून स्वच्छ करतात. विदर्भात टेंभुर्णीला कोवळी पाने भरपूर यावीत म्हणून आग लावली जाते. ती पाने विडीसाठी विकली जातात. यातील एकेक आग लहान, आणि लावणाऱ्याचे पोट तिच्यावर अवलंबून. परंतु ती झाडाखालीच राहील याची हमी कोण देणार? मोहाखाली पाचोळा झाडून बाजूस सारणे किंवा जाळी अंथरणे हे उपाय आहेत आणि कोठे कोठे ते होतही आहेत. आग लावण्यापेक्षा त्यांना श्रम अधिक पडतात, हे मात्र उघड आहे.

आग मुळीच लागू द्यावयाची नाही, हा दुसरा मार्ग. तो आपल्या देशात फार पूर्वीच चोखाळून झाला आहे, आणि त्याचा इतिहास विद्यार्थ्यांनी जाणून घेण्याजोगा आहे. सातपुड्यात बोरी नावाचे सागवन आहे. १८६५ साली ते राखीव झाले. आज ते सातपुडा व्याघ्रप्रकल्पात मोडते. तेथे पिअर्सन नावाच्या वनाधिकाऱ्याने आगीपासून रान राखण्याचा प्रयोग केला आणि तो यशस्वी झाला. तोवर हिंदुस्थानातले वणवे थांबविता येतील यावर इंग्रज अधिकाऱ्यांचाही विश्वास नव्हता. मग जाळरेषा कापण्याची पद्धत सर्वत्र पसरली. जाळरेषा म्हणजे रानातून काढलेला रुंद, उघडा पट्टा. उन्हाळ्यापूर्वी त्यावरील गवत आपणच जाळून टाकावयाचे, म्हणजे पुढे आलेली आग खाण्यास काही न मिळाल्याने तेथेच थांबते. अग्नीला अग्नीनेच अडवावयाचे, असा हा उपाय.

परंतु ब्रह्मदेशात वेगळाच अनुभव आला. तेथील ओलसर हवेच्या सागवनांत काही वर्षे आग लागू न देता रान राखले, तेव्हा सागाखाली बांबू आणि सावलीत वाढणारी झुडपे इतकी माजली की सागाच्या रोपांना ऊन मिळेना. सागाला ऊन हवे. १८९६ साली स्लेड नावाच्या वनाधिकाऱ्याने ‘इंडियन फॉरेस्टर’ या मासिकात लेख लिहून ब्रह्मदेशात अग्निरक्षणाचा अतिरेक झाला आहे, असे स्पष्ट बजावले. सरकारी नोकराने सरकारी धोरणाविरुद्ध इतके उघड लिहावे याचे आम्हांस कौतुक वाटते. वाद पुष्कळ झाला. पुढे काही वर्षांनी त्या ओलसर वनांतून ही मोहीम आवरती घेण्यात आली. अमेरिकेतही हाच धडा उशिराने शिकला गेला. कॅलिफोर्नियातील सिकोया नावाच्या प्रचंड वृक्षांच्या वनांत अनेक दशके आग विझविली गेली, आणि मग ध्यानात आले की तेथे नवी रोपेच दिसत नाहीत. सिकोयाची फळे आचेने वाळून उघडतात, आणि बी रुजण्यास पाचोळा नसलेली उघडी माती लागते. आग नाही तर माती उघडी कशी होणार?

मात्र या गोष्टी वाचून कोणी काड्यापेटी घेऊन सह्याद्रीत जाऊ नये! आमची मातृभाषा कोंकणी. तीत अग्नीला ‘उजो’ म्हणतात आणि प्रकाशाला ‘उजवाड’. शब्द असे घरोब्याचे असले तरी गोव्याच्या सदाहरित रानाला उजो मानवत नाही. तेथील झाडे बारमाही ओलाव्यात वाढलेली. त्यांची साल पातळ. शेकडो वर्षांत आगीशी झुंजण्याचा प्रसंगच त्यांच्यावर फारसा आलेला नाही, म्हणून तशी तयारीही नाही. २०२३ च्या मार्च महिन्यात गोव्यात, विशेषतः सत्तरी तालुक्यात आणि म्हादई अभयारण्यात, ठिकठिकाणी आगी लागल्या. पाऊस नाही, ऊन कडक, वारा कोरडा. नौदलाच्या आणि वायुदलाच्या हेलिकॉप्टरांनी मोठमोठ्या बादल्यांतून पाणी आणून ओतले. काजूच्या बागा झाडून जाळण्याची प्रथा हेही एक कारण तेव्हा सांगितले गेले. जांबुघोड्यातला पळस ज्या आगीतून फुटव्यानिशी बाहेर येतो, तीच आग पश्चिम घाटातल्या पातळ सालीच्या वृक्षाला उभ्या जागी मारते. मेलेल्या झाडांच्या फटींतून ऊन खाली येते, तेथे गवत आणि घाणेरी वाढते, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागी पेटण्यास भरपूर सरपण तयार असते. एक आग दुसरीला आमंत्रण देते, ते असे.

कोंकणातला विषय निघाला म्हणून भाजावळीबद्दल दोन शब्द सांगितल्यावाचून राहवत नाही. भाताचा तरवा करण्यासाठी कोंकणातला शेतकरी वाफ्यावर टहाळे, शेण, गवत आणि पालापाचोळा यांचे थर रचतो, वर मातीचा पातळ थर देतो आणि आग लावतो. ती आग तो वाऱ्याच्या उलट दिशेने लावतो, म्हणजे ती भडकत नाही. सावकाश, धुमसत जळते. हाच राब. तणाचे बी भाजून निघते, कीड मरते, राखेचे खत मिळते. एकोणिसाव्या शतकात जंगलखात्याने टहाळे तोडण्यावर निर्बंध घातले तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतका असंतोष माजला की १८८५ साली मुंबई सरकारला चौकशीसाठी एक आयोग नेमावा लागला. पुढे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हॅरल्ड मॅन यांनी जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांसह राबाचा शास्त्रीय अभ्यास करून तो १९१२ मध्ये प्रसिद्ध केला. अडाणीपणाची चाल म्हणून हिणवल्या गेलेल्या या रीतीकडे विज्ञानाने गांभीर्याने पाहिले, ही गोष्ट लहान नव्हे.

आता रानातून माळावर येऊ. दिवाळीनंतर माळावर हिंडून आलेल्या मुलांचे पायमोजे कुसळांनी भरलेले असतात, आणि ती वेचताना घरच्या मंडळींची बोलणी खावी लागतात. ती कुसळे टाकून देण्यापूर्वी त्यांतले एक तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब टाका. लांब शेपटी हळूहळू फिरू लागते. ओलाव्याने तिचा पीळ सुटतो, वाळताना पुन्हा पडतो. आणि या पिळाबरोबर टोकदार बी स्क्रूप्रमाणे मातीत शिरत जाते. हिवाळ्याच्या दहिवराने हे काम रोज थोडे थोडे होते. मार्चमध्ये माळ पेटतो तेव्हा कुसळी गवताचे बी जमिनीखाली सुखरूप निजलेले असते. पाहा, शेवटी ‘दव’ या शब्दाचे दोन्ही अर्थ या एका बियाण्यात एकत्र आले!

गवताची आणखी एक युक्ती आहे. झाडाची वाढ शेंड्याला होते; गवताच्या वाढीचे मर्म मात्र जमिनीलगत किंवा किंचित खाली असते. म्हणून गाईने खाल्ले, विळ्याने कापले वा आगीने जाळले तरी ते पुन्हा फुटते. उलट वर्षानुवर्षे काहीच झाले नाही तर जुन्या वाळक्या पातींची गर्दी होऊन नव्या कोंबांना ऊन मिळत नाही, आणि मधून मधून झुडपे डोके वर काढतात. गवताच्या दृष्टीने गुरांचे तोंड आणि अग्नीची जीभ यांचे काम पुष्कळसे सारखेच आहे.

पण येथेही महिना पाहावा लागतो. तणमोर हा आपल्या गुजराथच्या आणि माळव्याच्या गवताळ माळांवरचा दुर्मिळ पक्षी. पावसाळ्यात गवत उंच झाले की नर त्यातून उड्या मारू लागतो आणि मादी गवतात जमिनीवरच अंडी घालते. फाल्गुनातली आग त्याच्या घरट्यापर्यंत पोचत नाही, कारण तेव्हा घरटेच नसते. टिटवी मात्र मार्चपासूनच उघड्या जमिनीवर अंडी घालू लागते. तीच आग तिच्या संसारावरून फिरते. आसामात काझीरंगाला दर वर्षी हिवाळ्याच्या अखेरीस वनखाते उंच गवताचे पट्टे मुद्दाम जाळते, म्हणजे गेंड्यांना आणि हरणांना कोवळे गवत मिळते. त्याच आसामात मानसच्या गवतात जगातले सर्वांत लहान रानडुक्कर राहते. त्याची उंची जेमतेम २५ सेंटीमीटर. ते गवताचेच घरटे करून त्यात पिल्ले वाढवते, आणि सरसकट, उशिरा लावलेल्या आगींनी त्याला नामशेष होण्याच्या काठावर आणले. एकाच्या ताटात वाढताना दुसऱ्याचे घर पेटू नये, ही सावधगिरी तुकड्यातुकड्याने, आळीपाळीने जाळल्यासच साधते.

गवताळ माळांविषयी एक गैरसमज फार खोल रुजला आहे. माळ म्हणजे उजाड झालेले रान, पडीक जमीन, असे आपण समजतो. इंग्रज अधिकाऱ्यांनी तसे नोंदले आणि आपण ते पुढे चालविले. मग तेथे झाडे लावण्याची मोहीम निघते, आणि पुढच्या वणव्यात ती रोपे जळाली की दोष वणव्याचा ठरतो. परंतु हे माळ मुळातच माळ असावेत, असे म्हणण्यास आता बळकट पुरावा मिळत आहे. २०२५ साली आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी एक अनोखा मार्ग धरला. त्यांनी तेराव्या शतकापासूनचे मराठी वाङ्मय, म्हणजे ओव्या, आख्याने, संतचरित्रे आणि लोकगीते चाळली व त्यांत पश्चिम महाराष्ट्रातील कोणकोणत्या रानझाडांचा उल्लेख येतो ते पाहिले. त्यांतील बहुसंख्य वनस्पती उघड्या, उन्हाळ माळावर वाढणाऱ्या निघाल्या. म्हणजे सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वीही तो प्रदेश घनदाट अरण्य नव्हता. ओवी रचणाऱ्याला वनस्पतिशास्त्राशी काही कर्तव्य नव्हते. त्याने आपल्या दारापुढचे झाड सांगितले. कलाशाखेच्या पदवीधराला विज्ञानाच्या दरबारात इतका मान क्वचितच मिळतो, म्हणून ही गोष्ट थोडी लांबवून सांगितली.

राहता राहिले पाणी. पाण्यात आग कशी लागेल, असा प्रश्न कोणी करील. त्याने उन्हाळ्यात डभोईजवळच्या वढवाणा तलावासारखा एखादा तलाव पाहावा. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत शेतीच्या पाण्यासाठी हा तलाव बांधला गेला. ओरसंग नदीचे पाणी कालव्याने त्यात येते. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब, बदके आणि काळे वारकरी यांचे हिवाळ्यातील हे मुक्कामाचे ठिकाण २०२१ मध्ये रामसर पाणथळींच्या जागतिक यादीत समाविष्ट झाले. अशा पाणथळींच्या काठी पाणकणीस वाढते. दर वर्षी त्याची पाने वाळून आडवी होतात, त्यांत गाळ अडकतो, पुन्हा त्यावर पाणकणीस वाढते. असे होता होता उघडे पाणी आत आत सरकते आणि काठ पुढे येतो. अगदी काहीच अडथळा आला नाही तर तलावाची दलदल आणि दलदलीची जमीन व्हावयाची, हा निसर्गाचा क्रम आहे.

हा क्रम लांबविणाऱ्या गोष्टींत आगही एक आहे. पाणी ओसरल्यावर वाळलेले पाणकणीस पेटले की साचलेला ढीग नाहीसा होतो. पण एवढ्याने पाणकणीस मरत नाही; चिखलातल्या कांडातून ते पुन्हा येते. त्याला आवरावयाचे तर पाण्याची मदत हवी. पाणकणसाच्या पानांत पोकळ नळ्या असतात, आणि त्यांतून चिखलातल्या कांडाला हवा पोचते. पाने जळून वा कापून खुंट उरले आणि त्यांवर लगेच पाणी चढले की ही वाट बुजते, कांड गुदमरून कुजते. म्हणजे येथे आग आणि पाणी हे वैरी एकमेकांचे भागीदार होतात; फक्त आधी आग, मग पाणी, हा अनुक्रम आणि त्यांतले अंतर साधले पाहिजे. पावसाळा पुढे ढकलला गेला तर सारे व्यर्थ. आणि जांभळी पाणकोंबडी त्याच बेटात घरटे बांधीत असेल तर ते अनर्थकारक. राजस्थानात भरतपूरला निराळ्या रीतीने हाच अनुभव आला. १९८२ मध्ये तेथे म्हशींची चराई बंद केली, तेव्हा पाण्यात गवत इतके माजले की बदकांना उतरावयास जागा कमी पडू लागली. पुढे मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांनी म्हशींचे उपकार मान्य केले.

पाणथळींतील एक आग मात्र सर्वस्वी वाईट, आणि तीत कोणतीही सवलत नाही. काही दलदलींत हजारो वर्षांचा वनस्पतींचा अर्धवट कुजलेला थर साचलेला असतो. पाणी आहे तोवर तो निर्धोक. कालवे खणून पाणी काढले की तो थर म्हणजे जमिनीखालचे सरपणच. इंडोनेशियात बोर्निओ बेटावर १९९६ पासून भातशेतीच्या एका प्रचंड योजनेसाठी असे कालवे खणले गेले. १९९७ मध्ये पाऊस लांबला आणि त्या भूमीत आग शिरली. ती ज्वाळांनी जळत नाही, आतल्या आत धुमसते. वरून पाणी ओतून विझत नाही. सिंगापूर आणि मलायापर्यंत आकाश काळवंडले. २०१५ मध्ये पुन्हा तेच झाले.

तेव्हा रान असो, माळ असो की तळे, प्रश्न अखेर वेळेचा आहे. आणि ती वेळ ठरवावयाची कोणी? २००४ पासून देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांनी टिपलेल्या आगींच्या जागा राज्यांच्या वनखात्यांना कळविते. आग कोठे लागली हे आकाशातून दिसते. ती लागावयास हवी होती की नको, हे आकाशातून दिसत नाही.

कर्नाटकात बिळिगिरी रंगनाच्या डोंगरांत सोलिगा नावाचे लोक राहतात. वर्षाच्या प्रारंभी, पाचोळा पुरता वाळण्यापूर्वी आणि रात्रीचा ओलावा मातीत असताना, ते रानात लहान लहान आगी लावीत. तेव्हाची आग मंद असते, मोठ्या झाडाला इजा करीत नाही. १९७४ साली ते रान अभयारण्य झाले आणि आग लावणे बंद पडले. त्यानंतर तेथे घाणेरी पसरत गेली, ती आज माणसाच्या डोक्यावर गेली आहे. आणि आवळ्याच्या झाडांवर बांडगुळे वाढली. आमच्या मंद आगी या दोहोंना आवरून धरीत होत्या, असे सोलिगा सांगतात. संशोधकांनी त्यांचे म्हणणे तपासण्यास घेतले आणि त्यात तथ्य आहे असे त्यांना आढळले. आज मात्र तेथे पूर्वीची आग पुन्हा लावणेही सोपे राहिलेले नाही. घाणेरी पेटली की ज्वाळा तिच्या जाळीवरून झाडाच्या शेंड्यापर्यंत चढतात. पूर्वीची मंद आग लावावयाची तर आधी घाणेरी मुळासकट उपटून काढावी लागेल. आणि ती आग कोणत्या पंधरवड्यात, कोणत्या वाऱ्याला, उताराच्या कोणत्या बाजूने लावावी, हे ज्यांनी स्वतःच्या हाताने केले होते ते सोलिगा आता वृद्ध झाले आहेत.